खारघरमध्ये कोरियन पार्सल

मुलांनी कोरियन मालिका पाहायच्या आणि आई-वडिलांनी त्यातल्या पदार्थांचे हलाल-हराम शोधत बसायचे, हे आता पुष्कळ घरांत चालू आहे. आमच्याही घरात आहे. खारघरमध्ये बाहेरच्या खाण्याला तोटा नाही. संध्याकाळी उत्सव चौकाकडून सेंट्रल पार्ककडे निघालात की शोरमा, मोमो, मिसळ, डोसा, सगळे एका रांगेत भेटते. १७ नोव्हेंबर २०२३ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून तळोज्याचे आमचे नातेवाईकही इकडे सहज येतात. कोरियन पाट्याही आता दिसू लागल्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी कोरियन म्हणजे शेजवान चटणीत घोळलेले नूडल्स, एवढेच.

कोरियन जेवणात अडचण फक्त डुकराच्या मांसाची, असा समज आहे. ते विचारून टाळता येते. खरी पंचाईत न दिसणाऱ्या गोष्टींची. गोचुजांग नावाची लाल तिखट पेस्ट या जेवणाचा कणा आहे. मिरचीपूड, तांदूळ, आंबवलेले सोयाबीन आणि मीठ यांची ही पेस्ट मुरवून तयार होते. कारखान्यातल्या काही डब्यांत ती टिकावी म्हणून वरून अल्कोहोल घालतात आणि ते लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मांस मुरवायला काही जण तांदळाची दारू वापरतात. गिमबापच्या वळकटीत भात-भाज्यांबरोबर हॅमची पट्टी असू शकते. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा बारीक माशांचा खारवलेला रस असतो. आम्ही कोकणी, शाफई. समुद्रातले आम्हाला चालते. पण शेजारच्या हनफी घरात कोळंबीबद्दल विचार होतो, म्हणून त्यांच्यासाठी तेही विचारून घ्यावे लागते.

पाकिटातल्या वस्तूंचे थोडे सोपे आहे. सोलच्या इतेवान भागात १९७६ साली मोठी मशीद उघडली. तिथली कोरिया मुस्लिम फेडरेशन हलाल प्रमाणपत्र देते आणि काही नूडल्सच्या पाकिटांवर तिचा शिक्का असतो. मात्र एकाच कंपनीचा माल निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळा बनतो. तेव्हा नाव पाहून नव्हे, हातातले पाकीट पाहूनच घ्यावे.

खिडकीवरून मिळणाऱ्या पार्सलला शिक्का कुठला? तिथे माणसाच्या शब्दावरच चालायचे. एका ठिकाणी आमचा प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर आले, "सब हलाल है!" आम्ही तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणी मुलगा भला होता, पण सगळे तळण एकाच कढईत चालले होते. तिसरी जागा मेट्रोच्या खांबांपासून दोन गल्ल्या आत, एका मणिपुरी बाईंची. मणिपूरमध्ये २०००मध्ये एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि तिथल्या घरांत कोरियन वाहिन्या शिरल्या. म्हणजे आमच्या मुलांना हे वेड लागण्याच्या कितीतरी आधी.

बाईंना चिकन कुठून घेता विचारले तर त्यांनी कोणत्या खाटकाकडून ते सांगितले. तो आमच्या ओळखीचाच निघाला. मग न मागता पेस्टचा डबा बाहेर आणून दाखवला. अल्कोहोल नव्हते. आणि पुढे स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, फिशकेक तुम्ही घेऊ नका. तो तयार येतो, त्यात काय काय आहे ते मला माहीत नाही. त्याच्याऐवजी मी अंडे घालते." गिऱ्हाईक जाईल हे माहीत असून "माहीत नाही" म्हणणारा दुकानदार आम्हाला फार दिवसांनी भेटला. दर आठवड्याचे आमचे पार्सल तिथूनच येऊ लागले ते या एका वाक्यामुळे.

चवीचे म्हणाल, तर तोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, लाल गोडसर-तिखट रश्शात शिजवलेल्या. आमच्या घरी सांदण, घावन, भाकरी सगळे तांदळाचेच. दादींनी एक कांडी चावून पाहिली आणि म्हणाल्या, "उकड बरी मळलीय, पण नारळ कुठाय?" किमची मात्र त्यांना पटली. कोरियात हिवाळ्याआधी सगळे घर मिळून किमची घालते, त्या रिवाजाला २०१३मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, हे मुलीने वाचून दाखवले. त्यावर त्यांचा सवाल, "मग मे महिन्यातल्या आमच्या पापडांचे काय?" मिरची तर कोरियाचीही नाही आणि आपलीही नाही, दोघांकडे ती अमेरिका खंडातूनच फिरत फिरत आली.

पार्सल नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तोकबोकी गार झाली की कांड्या रबरासारख्या होतात. घरी थोडे पाणी घालून मंद आचेवर परतून घ्यावी. तळलेल्या चिकनच्या डब्याचे झाकण वाटेत थोडे उघडे ठेवावे, नाहीतर वाफेने कुरकुरीतपणा जातो.

सोमवारी खिडकी बंद असते. शनिवारी मगरिबनंतर गेलात, तर गिमबाप बहुधा संपलेला असतो.