पंचवीसची रात्र

आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्रीच्या उपग्रहचित्रांना मी आजवर तीनदा नावं दिली आहेत. पहिल्या दोन्ही वेळा चुकले.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर माझी कामाची खोली आहे. उपग्रहांनी टिपलेली चित्रं उतरवून घ्यायची, तारखेप्रमाणे लावायची आणि त्यांतून कुणाला धरणातलं पाणी, कुणाला पीक, कुणाला ढग मोजून नकाशा करून द्यायचा, हा माझा उद्योग. नकाशा लोकांच्या हाती जातो. त्याआधी फाइलींची नावं बदलण्याचं जे काम होतं ते कुणाला दिसत नाही. माझ्या लेखी मात्र खरी जोखीम तिथेच असते. नावात चुकीची तारीख पडली की पुढची सगळी आकडेमोड बरोबर येऊनही नकाशा खोटं बोलतो, आणि तो खोटं बोलतोय हे वरून कळत नाही.

हजारभर फाइलींची नावं हातानं बदलायला बसलं तर दिवस जातात आणि तिसाव्या फाइलीनंतर डोळा चळतो. म्हणून स्क्रिप्ट लिहायची. पायथनच्या वीसेक ओळी पुरतात. त्या फोल्डरमधली एकेक फाइल उचलतात, तिच्या नावातून किंवा सोबतच्या माहितीच्या फाइलीतून तारीख काढतात, ठरलेल्या साच्यात बसवतात आणि नवं नाव देतात. साचा असा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, एकअंकी महिन्याच्या आधी शून्य. आयएसओ ८६०१ या प्रमाणकानं १९८८ मध्ये हीच रीत ठरवून दिली. संगणक नावं डावीकडून एकेक अक्षर पाहत लावतो. मोठं एकक डावीकडे असलं की अक्षरांचा क्रम लागता लागता काळाचाही क्रम लागतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती कळल्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

अडचण अशी की प्रत्येक उपग्रहाच्या घरी नाव ठेवण्याची रीत निराळी. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याची चित्रं उतरवली की प्रत्येक तारखेच्या फोल्डरात फाइलींची नावं तीच असतात: बँड २, बँड ३, बँड ४, बँड ५. तारीख सोबतच्या माहितीच्या फाइलीत एका ओळीवर असते. या कामात नवी असताना मी अशा बारा तारखांच्या फाइली एका स्क्रिप्टनं एकाच फोल्डरात आणून टाकल्या. हातानं केलं असतं तर संगणकानं विचारलं असतं, जुनी फाइल पुसू का म्हणून. स्क्रिप्टला विचार म्हणून मी सांगितलंच नव्हतं. बारा तारखांच्या जागी संध्याकाळी एकच तारीख उरली, शेवटची. मूळ झिप फाइली मी जागा हवी म्हणून आधीच पुसल्या होत्या. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये पहिली अट अशी असते की त्या नावाची फाइल आधीच हजर असेल तर तिथल्या तिथे थांबायचं. पहिल्या फेरीत तर नाव बदलायचंच नाही. जुनं नाव आणि होऊ घातलेलं नवं नाव शेजारी शेजारी पडद्यावर छापायचं, चहा घेत ती यादी वरपासून खालपर्यंत वाचायची आणि मगच पुढची आज्ञा द्यायची.

लँडसॅटच्या नावात तारखा दोन असतात. चित्र टिपलं ती आधी, त्यावर प्रक्रिया झाली ती नंतर. लँडसॅटचा सगळा जुना साठा २०२० च्या सुमारास नव्यानं प्रक्रिया होऊन आला, त्यामुळे १९९० सालच्या चित्राच्या नावातही २०२० हा आकडा बसलेला असतो. स्क्रिप्टला नुसतं ‘आठ अंकांचा गट शोध’ सांगितलं आणि ती नाव शेवटाकडून वाचत आली, तर तीस वर्षांपूर्वीचं खडकवासला धरण कालपरवाचं होऊन बसतं. त्याहून जुन्या पद्धतीच्या नावांत महिना नसतोच, वर्षाचा कितवा दिवस एवढंच असतं. साठावा दिवस २०१५ मध्ये १ मार्च असतो, २०१६ मध्ये २९ फेब्रुवारी. एका दिवसानं काय बिघडतं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. धरणाचे दरवाजे एका दिवसात उघडतात.

वाड्यात तळमजल्यावर एक काका राहतात. मोडी वाचतात. भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्याच पेठेत, इतिहासकार राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं. काकांच्या आयुष्याची दुपार तिथल्या कागदांत गेली. एकदा वीज गेली म्हणून ते वर येऊन बसले आणि माझी नावांची यादी पाहून म्हणाले, “अगं, हे तर आमचंच काम.”

मग त्यांनी समजावलं. पेशवाईतल्या पत्रावर साल असतं शुहूर सनाचं, अरबी संख्याशब्दांत. खमस सबैन मया व अलफ. पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे अकराशे पंचाहत्तर. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी सन १७७४, पण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होऊन पुढल्या मृगाला संपतं, म्हणून महिना पाहून १७७४ की १७७५ ते ठरवायचं. आधी एकं, मग दहं, मग शतक, सगळ्यात शेवटी हजार. अशी पत्रं नावानुसार लावली तर खमसची सगळी एकत्र येतील, मग ती दहा वर्षांच्या अंतरानं लिहिलेली का असेनात. माझ्याकडच्या दिवस-महिना-वर्ष अशा नावांच्या फाइलींचं नेमकं हेच होतं. पुढे ‘छ’ लिहून चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्याचा, कितवा दिवस ते येतं. पुष्कळ पत्रांत तर साल नसतंच. का, म्हणून मी विचारलं.

“ज्याला पत्र धाडलं त्याला साल ठाऊक होतं ना!” काका म्हणाले.

हे वाक्य मी त्या दिवसापासून जपून ठेवलं आहे. बँड २, बँड ३ अशी नावं ठेवणाऱ्यांनाही आपण कोणत्या दिवसाच्या फोल्डरात बसलो आहोत ते ठाऊकच होतं.

आणखी एक गोष्ट ते बोलता बोलता सांगून गेले, जिचं महत्त्व मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. मंडळातला अभ्यासक जंत्री उघडून तारीख काढतो, पण ती लिहितो वेगळ्या चिठ्ठीवर. मूळ कागदावर कुणी पेन टेकवत नाही. “तुझी ती स्क्रिप्ट मूळ नावाचं काय करते?” त्यांनी विचारलं होतं. ती ते पुसत होती.

आता त्या रात्रीकडे येते. २५ सप्टेंबर २०१९. संध्याकाळनंतर कात्रजच्या बाजूला असा पाऊस कोसळला की आंबिल ओढा काठ सोडून सहकारनगर, दांडेकर पूल भागातल्या घरांत शिरला. पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. हा ओढा पूर्वी पेठांतून वाहत असे. पेशवाईत त्याला पश्चिमेकडे वळवलं. आमच्या वाड्यातून दांडेकर पूल पायी पंधरा-वीस मिनिटांवर. त्या रात्री आम्ही गॅलरीत उभे राहून नुसता आवाज ऐकत होतो.

पुढे ढगांच्या अभ्यासासाठी त्या रात्रीची इन्सॅटची चित्रं मी उतरवली. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये अवकाशात गेला, ३डीआर २०१६ मध्ये. दोघे मिळून आपल्या आकाशाची चित्रं साधारण पंधरा पंधरा मिनिटांनी घेत होते. उष्णतेच्या पट्ट्यातल्या चित्राचा एक ठिपका चार किलोमीटरचा. अख्खी सदाशिव पेठ एका ठिपक्यात मावते आणि उरतेही. पण ढगाची माथ्याकडची थंडी त्यात पांढरीशुभ्र उमटते, आणि ढग कसा चढत गेला ते ओळीनं पाहिलं की समजतं. ओळीनं पाहिलं, तर. या फाइलींच्या नावात आधी दिवस, मग महिना इंग्रजी तीन अक्षरांत, मग वर्ष, मग वेळ. संगणकाच्या लेखी एप्रिलनंतर ऑगस्ट, ऑगस्टनंतर डिसेंबर आणि जूनच्या आधी जुलै. एवढं मी सरळ करून घेतलं आणि काम झालं असं समजले.

मग त्या तारखा मी पावसाच्या तक्त्याशी जुळवल्या. तक्त्यात तो पाऊस २६ तारखेला होता. माझ्या २६ तारखेच्या चित्रांत ढग विरत चालले होते. इतका पाऊस आणि वर ढग नाही! दोन दिवस मी चित्रंच खराब आहेत असं मानून त्यांच्यात दोष शोधत राहिले.

दोष कुठेच नव्हता. हवामान विभाग पाऊस मोजतो सकाळी साडेआठला, आणि त्या क्षणापर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितो. त्यामुळे पंचवीसच्या रात्रीचा पाऊस सव्वीसच्या खात्यावर. उपग्रहाचं घड्याळ मात्र जागतिक वेळेवर चालतं, ती आपल्याहून साडेपाच तास मागे. फाइलीच्या नावात १५३० असेल तर पुण्यात रात्रीचे नऊ.

हे कळल्यावर मी दुसरी चूक केली, आणि ती मोठ्या आत्मविश्वासानं केली. सगळ्या वेळांत साडेपाच तास मिळवले, नावं भारतीय वेळेत आणली आणि तारखेप्रमाणे फोल्डर पाडले. मध्यरात्रीच्या ठोक्याला रात्र दुभंगली. अर्धा पाऊस पंचवीसच्या फोल्डरात, अर्धा सव्वीसच्या. ज्यांच्यासाठी काम होतं त्यांनी एकच फोल्डर उघडला, आणि त्यांच्या पडद्यावरचं वादळ अर्ध्यातून सुरू झालं. शिवाय मूळ नावं पुसली गेली होती, त्यामुळे कोणत्या फाइलीला मी साडेपाच तास मिळवले आणि कोणती चुकून तशीच राहिली हे तपासायला काही उरलं नव्हतं. पुन्हा सगळं उतरवावं लागलं.

त्या संध्याकाळी मी खाली गेले. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या उपग्रहाचा दिवस सुरू कधी होतो?”

प्रश्न मी कधी असा विचारलाच नव्हता. त्यांच्या कामात तो रोजचा. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, पंचांगाचा सूर्योदयाला. दिवेलागणीनंतर लिहिलेल्या पत्राची तारीख काढताना हे विसरलं की एक दिवस हातचा जातो. मी हिशेब केला. जागतिक वेळेची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, साडेपाच. पुण्यात सूर्य उगवण्याच्या थोडं आधी. म्हणजे इन्सॅटच्या मूळ नावांत पंचवीस तारीख पहाटे साडेपाचपर्यंत पंचवीसच राहते. पेठेतलं कुणीही त्या पुराविषयी बोलताना ‘पंचवीसची रात्र’ म्हणतं आणि त्यात पहाटेपर्यंतचं सगळं धरतं. मी दुरुस्त म्हणून जी नावं मोडली होती त्यांत ती रात्र मुळात अखंड होती.

तिसऱ्या वेळी मी नावातली वेळ जागतिकच ठेवली आणि शेवटी झेड हे अक्षर जोडलं. प्रमाणकात जागतिक वेळेची ती खूण आहे. फक्त क्रम बदलला, वर्ष आधी आणलं. बाकीचं सगळं एका नोंदवहीत, जी स्क्रिप्ट स्वतःच लिहीत जाते. एका ओळीत एक फाइल: मूळ नाव, नवं नाव, भारतीय वेळ, आणि हवामान विभागाच्या हिशेबानं तिचा पाऊस ज्या तारखेला पडला ती तारीख. नाव बदलण्याआधी नोंद, मग बदल. वीज मध्येच गेली तरी मागे येण्याची वाट राहते. आता माझ्या प्रत्येक कामाला अशी वही असते, आणि नकाशासोबत मी तीही देते. बहुतेक जण ती उघडत नाहीत. तरी देते.

ती रात्र अखेर पडद्यावर ओळीनं लागली तेव्हा काकांना वर बोलावलं. संध्याकाळचा तो लहानसा पांढरा ठिपका, मग त्याचं पसरणं, मग सगळं फिकट होत पहाट. त्यांनी दोनदा पाहिलं. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “पानशेतचं असं काही आहे का गं तुझ्याकडे?”

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. पहिला लँडसॅट अवकाशात गेला २३ जुलै १९७२ ला. मी त्यांना तसं सांगितलं. धरण फुटलं तेव्हा ते शाळेत होते. वहीत तुमची एक ओळ लिहू का, म्हणून मी विचारलं, आणि ते हो म्हणाले. तारीख लिहिली: १९६१-०७-१२. मूळ नावाचा रकाना कोरा ठेवला. वेळ विचारली.

“घड्याळ कुणी पाहिलं होतं,” ते म्हणाले. “दुपारची जेवणं व्हायची होती.”

वेळेच्या रकान्यात मी तेच लिहिलं.