बिऱ्हाड कोणाच्या खांद्यावर

सूर्यमाळहून कल्याणला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं, पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना बोलवू. ते बांधतील, नेतील, लावून देतील, तू फक्त दाराला कुलूप घाल. माझं म्हणणं, खोडाळ्याचा पिकअप ठरवू आणि बांधाबांध आपली आपण करू. सासूबाई कोणाच्याच बाजूला नव्हत्या. त्यांची एकच अट होती, जुनं दगडी जातं बरोबर आलं पाहिजे.

मी आश्रमशाळेत शिक्षिका. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली केलेला अर्ज मंजूर झाला आणि जव्हार प्रकल्पातून शहापूर प्रकल्पात बदली मिळाली. शाळा शहापूर तालुक्यात, घर कल्याणला. प्रशासकीय बदली असती तर सामान हलवण्याचा भत्ता मिळाला असता; विनंतीच्या बदलीला तो नसतो. म्हणजे सगळा खर्च पदरचा. आदेश हातात पडला तो मे महिन्यात, आणि सूर्यमाळला मे संपत आला की प्रत्येक कामाला एकच मुदत असते, पाऊस.

सूर्यमाळ मोखाडा तालुक्यातलं सुमारे 1800 फूट उंचीवरचं पठार. एका अंगाने रस्ता वाड्याकडे उतरतो, दुसऱ्या अंगाने खोडाळ्याला. खोडाळ्याहून एक फाटा घोटीकडे जातो आणि एक विहीगाववरून कसाऱ्याला, मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो. वळणं अरुंद, कडेला झाडी, आणि पावसाळ्यात कुठे दरड येईल, कुठे मोरी खचेल याचा नेम नाही. हे सांगायचं कारण, सामान हलवण्याचा सगळा हिशेब शेवटी या रस्त्यावर येऊन थांबतो.

कंपनीला फोन नवऱ्यानेच लावला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. आमच्या खोलीत रेंज नव्हती, म्हणून वस्तूंची यादी कागदावर केली, त्याचा फोटो काढला आणि माळाच्या टोकाला जाऊन पाठवला. आलेला आकडा माझ्या पगाराच्या निम्म्याला टेकणारा होता, वर 18 टक्के जीएसटी, विमा वेगळा. आणि खाली एक ओळ: गाडी खोडाळ्यापर्यंत येईल, तिथवर माल ग्राहकाने आणायचा. चौदा फुटी ट्रक वर चढवायला त्यांचा चालक तयार नव्हता. त्याला मी दोष देत नाही. पण मग सामान खोलीतून काढा, पिकअपमध्ये चढवा, खोडाळ्यात उतरवा, पुन्हा ट्रकमध्ये चढवा. एकाच्या जागी दोन चढवण्या. सामान मोडतं ते धावत्या गाडीत कमी, चढवण्या-उतरवण्यात जास्त.

तरी मी तो पर्याय लगेच बाजूला ठेवला नाही. कंपनीच्या कागदपत्रात एक गोष्ट असते जी घरगुती कारभारात नसते, ती म्हणजे जबाबदारी. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा केंद्रीय कायदा आहे, 2011 चे नियम आहेत. त्यानुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही आपण कागदावर जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. त्याहून जास्त संरक्षण हवं असेल तर चढा दर देऊन तसं आधी लिहून घ्यावं लागतं. कोर्टात जायचं तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत. म्हणजे बिल्टीवरचा, वाहतुकीच्या पावतीवरचा, किमतीचा रकाना कोरा सोडला तर ती बिल्टी पुढे फारशी कामाची नाही. बहुतेक लोक तो कोराच सोडतात, कारण सामान बांधायच्या गडबडीत आपल्या कपाटाची किंमत काय लिहावी हा विचार कोण करतो? ई-वे बिलाची काळजी मात्र नको. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. गॅसचा सिलिंडर कोणी नेत नाही. तो आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावी त्यावर जोडणी घ्यायची.

किमतीच्या त्या रकान्यात काय काय भरायचं याचा विचार करत असताना माझ्या मनात वारंवार दुसरंच बिऱ्हाड येत होतं.

मोखाड्यात दरवर्षी दिवाळी सरली की पाड्यापाड्यांतून घरं हलतात. भात-नागली कापून झालेली असते, घरातलं धान्य शिमग्यापर्यंतही पुरत नाही, गावात काम नाही. वारली, ठाकूर, कातकरी, कोकणा कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याण, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जातात. इथे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. भट्टीमालकाने पावसाळ्यातच बयाना दिलेला असतो, आणि ठरल्या दिवशी त्याचा ट्रक किंवा टेम्पो पाड्यावर येतो. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, कुदळ, पाण्याचे हंडे आणि पोरं. शाळेत दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना आम्हाला कळतं कोणकोण गेलं. आश्रमशाळा निवासी असल्यामुळे काही पोरं मागे राहतात, पण घरी धाकटं भावंड सांभाळायला कोणी नसेल तर थोरली मुलगी जातेच. तिला थांबवण्यासाठी मी किती पाड्यांवर बसले असेन, आणि किती वेळा तिच्या आईने मला विचारलं असेल, की बाई, तान्हं कोणाजवळ ठेवू?

त्यांच्यापुढेही हा माझाच प्रश्न असतो, फक्त माझ्यापेक्षा कितीतरी कठीण. मालकाच्या गाडीतून जायचं, की बोचकी बांधून एसटीने आपलं आपण जायचं? मालकाच्या गाडीत सगळं मावतं, कोंबड्यासुद्धा. आमच्या शेजारणीने एकदा मला याचा अर्थ सांगितला होता. ती म्हणाली, "त्याच्या गाडीतून गेलं तं त्याच्या गाडीतूनच परत यायचं. तो आणंल तवा." आठवड्याला खर्ची मिळते, उरलेला हिशोब हंगाम संपल्यावर, आणि बयान्यातून काय काय वजा झालं ते तेव्हाच समजतं. एसटीने गेलेली माणसं निदान पोर आजारी पडलं तर उठून निघू शकतात. बयान्याने माणसाला असं बांधून घेणारी वेठबिगारी संपवणारा कायदा 1976 चा. वसई-भिवंडीच्या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेने 1982 पासून त्याच्यासाठी झगडे केले, कितीतरी कुटुंबं सोडवली. तरीही ट्रकमध्ये चढताना आपण परतीचं काय कबूल केलंय हे चढणाऱ्याला ठाऊक नसावं, याची चीड मला या गावात राहून आली आणि ती कल्याणला येऊन कमी झालेली नाही.

म्हणून मी पिकअप ठरवला तेव्हा एक गोष्ट आधी ठरवली. आपण 'घरच्या घरी' सामान हलवलं असं म्हणतो, त्यात प्रत्यक्षात शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाठ फुकटात वापरलेली असते. कपाट उचलायला चार गडी बोलावले, चहा दिला, वडापाव दिला, झालं. शिक्षिकेच्या घरचं काम म्हटल्यावर तर कोणी नाही म्हणत नाही. ज्यांची पोरं माझ्या वर्गात होती ते पैसे मागणारच नाहीत. शेतावर एकमेकांची सावड होते तेव्हा आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे असं असतं. मी तर गाव सोडून चालले होते, मी कोणाच्या लावणीला येणार होते? तेव्हा चढवणीची मजुरी रोजगार हमीच्या दरापेक्षा वरची, सकाळी आधीच सांगितलेली, आणि काम झाल्याबरोबर हातात. कल्याणला उतरवायला जे येतील त्यांना वेगळी, परतीच्या प्रवासासकट. नवऱ्याला हे पटलं. त्याचे वडील मशीद बंदरला माथाडी होते. 1969 च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने ओझं वाहणाऱ्याला नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. डोक्यावर गोणी घेणाऱ्या माणसाचा दर आधी ठरलेला असावा, यात त्याला समजावण्यासारखं काही नव्हतं.

हे सगळं धरूनही पिकअपचा खर्च कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला. त्याचं मुख्य कारण परतीचा माल. खोडाळ्याचा पिकअपवाला कल्याणला जाऊन रिकामा येणार नव्हता. पावसाआधी दुकानांत माल भरायचा असतो, तो तिथून ताडपत्र्या आणि किराणा भरून आणणार होता. कंपनीचा ट्रक मात्र खोडाळ्यापर्यंत रिकामा येणार आणि ते भाडं माझ्या बिलात.

बांधाबांधीला त्या शेजारीणबाईच आल्या, त्यांच्या जावेला घेऊन. दर दिवाळीला संसार उचलून नेणाऱ्या आणि पावसाआधी परत आणून मांडणाऱ्या या बायका. सामान कसं बांधावं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! मी पुठ्ठ्याचे खोके जमवले होते. त्यांनी अर्धे बाजूला सारले. भांडी एकात एक घालून मध्ये जुने कपडे, वरून धोतराची गच्च गाठ. पिठाचे, डाळींचे डबे रिकामे न्यायचे नाहीत, त्यांत काचेच्या बरण्या गोधडीच्या तुकड्यांत गुंडाळून बसवायच्या. गाद्या शेवटी चढवायच्या म्हणून मी वेगळ्या ठेवल्या होत्या, तर त्यांनी त्या उभ्या करून कपाटाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. कपाटाचा आरसा आधी काढून गोधड्यांच्या मधोमध. जातं पिकअपच्या तळाला, केबिनला लागून, कारण "जड ते खाली आन् म्होरं, मंग घाटात गाडी मागं वढत नाय." नागलीची पोती जात्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ते हलायला जागा नाही. पुस्तकांच्या पेट्या लहान, एका माणसाला उचलता येतील एवढ्याच. मी या सूचना वहीत लिहून घेतल्या.

पाण्याच्या पिंपांवरून थोडी चर्चा झाली. मे महिन्यात मोखाड्यात पाणी टँकरने येतं. ज्या वैतरणेवर मोडक सागर, अप्पर वैतरणा आणि 2014 मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा अशी धरणं आहेत, ज्यांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, तिच्या खोऱ्यातल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन तास न् तास थांबतात. अशा वेळी भरलेली पिंपं ओतून रिकामी करणं मला जमणार नव्हतं. दोन्ही पिंपं भरलेलीच शेजारी ठेवली. कल्याणला पिंपाचं काय करणार होते मी? शेजारीण म्हणाली, "पैसं घे याचं." मी म्हटलं, बांधणीच्या मजुरीत धरा. तिने धरलं नाही. निघताना पिशवीभर उडीद आणि खुरासणीची चटणी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, आणि आमचा व्यवहार तिच्या बाजूने पुरा केला.

सकाळी लवकर निघालो. देवबांधच्या गणपतीला जायचं सासूबाईंच्या मनात होतं, पण चालकाला ऊन चढायच्या आत घाट उतरायचा होता, म्हणून त्यांनी गाडीतूनच हात जोडले. खोडाळा, मग वैतरणेवरचा पूल, विहीगाव, कसारा. पिकअपच्या मागे आम्ही मोटारीतून. प्रत्येक वळणाला दोर किती ताणलाय ते मी बघत होते. महामार्ग लागल्यावर चालकाने एकदाच थांबून गाठी तपासल्या, तेही स्वतःहून.

कल्याणला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही. कंपनीच्या दरपत्रकात मजल्यामागे जादा रक्कम होती, आणि इथे आम्हाला सोसायटीजवळच्या माणसांना वाराई, म्हणजे माल उतरवण्याचे वेगळे पैसे, द्यावी लागेल की काय अशी शंका होती. तसं काही झालं नाही. बरोबर आलेल्या दोघा तरुणांनी सगळं चढवलं. दोघेही माझे माजी विद्यार्थी, टिटवाळ्याकडच्या भट्टीवर विटा वाहिलेले. कपाट जिन्याच्या वळणावर अडलं तेव्हा नवरा दार काढायला निघाला होता. त्यांनी ते कपाट उभं न ठेवता कठड्यावरून तिरपं वर घेतलं, एकाने खालून डोक्याचा आधार दिला. एकही ओरखडा नाही. एकाने जिन्याच्या कडेला उघड्या पडलेल्या विटेवर हात फिरवून तिच्यावरचा शिक्का वाचला आणि भट्टीमालकाचं नाव सांगितलं. त्याचे आईवडील त्याच भट्टीवर दोन हंगाम होते. जातं आणायला मात्र त्याने मला खाली उभं केलं, म्हणाला, "बाई, तुम्ही बाजूला. हे पायावर पडलं तं काय?" आणि दोघांनी तळ्या वेगवेगळ्या नेल्या. दोघांची मजुरी, जेवण आणि कसाऱ्यापर्यंत लोकलचे, पुढे गाडीचे पैसे तिथेच दिले.

यंदा खोडाळ्याच्या एका सहकाऱ्याची बदली लातूरला झाली. त्याने मला फोन करून पिकअपवाल्याचा नंबर मागितला. मी त्याला तो दिला, पण लातूरसाठी नाही. एवढ्या लांब पिकअपने जायचं तर चालकाला रात्र काढावी लागते, परतीचा माल मिळेल याची खात्री नाही, आणि काही झालं तर कोणाला विचारणार? त्याच्याकडे फ्रीज, धुलाई यंत्र, बायकोचं शिवणयंत्र आणि तिची हार्मोनियम आहे. त्याला कंपनीच योग्य. मी त्याला बिल्टीचा नमुना मागवायला सांगितलं आणि आम्ही फोनवर बसून प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिली. हार्मोनियमच्या पुढे तो काहीच लिहायला तयार नव्हता, तिच्यापुढे मी आज नवी घ्यायला लागेल तेवढी रक्कम लिहायला लावली. ट्रक खोडाळ्याच्या नाक्यावर येणार आहे. पाड्यावरून नाक्यापर्यंत सामान माझ्याच पिकअपवाल्याच्या गाडीतून जाईल, आणि चढवणीला तेच दोघे आहेत. मजुरी काय द्यायची हे त्याने मला विचारलं. मी दिली तीच सांगितली, वर सांगितलं की ती सकाळीच कबूल कर, संध्याकाळी नको.