जुन्या गाड्यांचा युरोप: कुठे पाहाल, कशी घ्याल, कशी जपाल?

इटलीतल्या छोट्या गावांत रविवारी सकाळी चर्चसमोरच्या चौकात कधी कधी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. त्या रांगेत एखादी गाडी अशी दिसते की मुंबईकर पर्यटकाचे पाय तिथेच थांबतात. तेच गोल दिवे, तोच चेहरा, स्टिअरिंगलाच लागून असलेला गिअरचा दांडा. ‘अरे, ही तर आपली पद्मिनी!’

पद्मिनी नव्हे, पद्मिनीची आई म्हणा. गाडीचं नाव फियाट ११००डी. हीच गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. तिची साठीच्या पुढची आई मात्र इटलीत अजून रविवारी फिरायला निघते.

इटालियन लोकांचं गाडीवर जास्त प्रेम असतं असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. प्रेम आपल्याकडच्या टॅक्सीवाल्यांचंही कमी नव्हतं. फरक पडतो तो सरकारी नियमांनी आणि हवेने. युरोपात हे दोन्ही देशागणिक बदलतात. म्हणून तिथे जुनी गाडी पाहायची असो, घ्यायची असो की सांभाळायची, आधी देश समजून घ्यावा लागतो.

इटलीपासूनच सुरुवात करू. तिथे घराघरात लाडकी असलेली गाडी म्हणजे छोटी फियाट ५००. दान्ते जाकोसा या इंजिनिअरने बनवलेली ही गाडी १९५७ मध्ये आली. लांबी तीन मीटरपेक्षाही थोडी कमी, इंजिन मागे, आणि तेही आजच्या दणकट मोटारसायकलएवढं. जुन्या शहरांतल्या गल्ल्यांसाठीच जणू बेतलेली. लिगुरिया भागातल्या गार्लेंदा या गावात दर उन्हाळ्यात या गाड्यांचं संमेलन भरतं. तिथे ५०० घेऊन येणारे श्रीमंत संग्राहकच असतात असं नाही. आजोबांची गाडी नातू चालवत आणतो, मागच्या सीटवर आजी बसलेली असते.

इटलीत गाडी २० वर्षांची झाली की मालकाला तिच्यासाठी ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. ते मिळालं की वार्षिक कर निम्मा, आणि तिशी ओलांडली की तो कर माफच. तूरिनला गेलात तर तिथलं मोटारींचं राष्ट्रीय संग्रहालय बघाच, पण त्याहून जास्त मजा लिंगोत्तोच्या जुन्या फियाट कारखान्याच्या गच्चीवर आहे. तिथे गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक आहे. हो, गच्चीवर! खाली कच्चा माल आत जायचा, मजल्यामजल्याने गाडी बनत वर यायची आणि छतावर पळवून पाहिली जायची.

मिठाचा हिशेब

आल्प्सच्या उत्तरेला गेलं की गणित बदलतं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून तिथे मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर गाडीच्या पोटाखाली उडतं आणि पत्रा खाऊन टाकतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, खाऱ्या हवेने खिडकीच्या गजांचं काय होतं ते आपण बघतोच. शिवाय १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांच्या पत्र्याला गंजरोधक जस्ताचा थर नसायचा. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी दक्षिण इटलीत राहिलेली धडधाकट सापडते आणि उत्तरेकडे बारमाही चाललेली हाताने दाबली तर आत जाते.

स्वीडनमधले शौकीन म्हणूनच आपल्या जुन्या गाड्या उन्हाळ्यातच बाहेर काढतात. तिथल्या छोट्या गावांत जुलैमध्ये गेलात तर १९५० च्या दशकातल्या लांबलचक अमेरिकन गाड्या संथपणे फिरताना दिसतील. युरोपात अमेरिकन गाड्यांचं एवढं वेड का, असं वाटेल, पण तिथे ती कित्येक दशकांची परंपरा आहे. त्याच देशात, रीड गावाजवळच्या दलदलीत, भंगारातल्या गाड्या झाडाझुडपांत तशाच ठेवल्या आहेत. त्यांच्यावर शेवाळ चढलंय, बॉनेटमधून झाडं उगवलीयत. लोक खास बघायला जातात.

नंबरप्लेटवरचं एक अक्षर

जर्मनीत जुनी गाडी ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे नंबरप्लेटच्या शेवटी असलेलं एच हे अक्षर. एच म्हणजे ऐतिहासिक. १९९७ पासून ही पद्धत आहे. गाडी किमान ३० वर्षांची हवी, मूळ रूपात हवी, चांगल्या स्थितीत हवी आणि तज्ज्ञाने तपासून तसा दाखला द्यायला हवा. मग इंजिन केवढंही असो, वर्षाला साधारण १९२ युरो एवढा ठरावीक कर. शहरांच्या ज्या भागांत प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना बंदी आहे तिथेही एचवाल्या गाडीला जाता येतं. तिथल्या नियमांत अशा गाडीला सांस्कृतिक ठेवा मानलं आहे. गाडीला संस्कृतीचा दर्जा! मला हे फार आवडतं.

आणि हा दर्जा फक्त मर्सिडीजसाठी नाही. पूर्व जर्मनीची ट्राबांट ही गाडी एकेकाळी चेष्टेचा विषय होती. त्स्विकाऊ शहरात १९५७ ते १९९१ या काळात अशा ३० लाखांहून जास्त गाड्या बनल्या. बाहेरचे पॅनेल पत्र्याचे नव्हतेच, कापसाचा टाकाऊ भाग आणि राळ दाबून ते बनवलेले असत. गाडी नोंदवली की हातात पडायला दहा-दहा वर्षंही लागत. बजाज चेतकसाठी नंबर लावून बसलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हे लगेच कळेल. तिचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची पद्धत, सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर, सगळंच जुन्या स्कूटरची आठवण करून देणारं. कित्येक ट्राबांटमध्ये पेट्रोलचा काटाही नव्हता, टाकीत पट्टी बुडवून पाहायचं. आज त्याच ट्राबांटला एच मिळतो, आणि बर्लिनमध्ये पर्यटक पैसे देऊन ती चालवतात.

ब्रिटनमध्ये वयाची अट ४० वर्षांची आहे. चाळिशी पार केलेल्या आणि फारसे बदल न केलेल्या गाडीला रस्त्याचा कर नाही. २०१८ पासून दरवर्षीची फिटनेस तपासणीही सक्तीची नाही. दुसरी सवलत ऐकायला छान वाटते, पण माझ्या मते हीच खरेदीदाराला गोत्यात आणू शकते, कारण गाडी तपासली गेलेलीच नसते. ब्रेक धड आहेत की नाहीत याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर.

पाहायला मात्र ब्रिटनसारखा देश नाही. दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्या धावतात. अंतर सुमारे ९६ किलोमीटर. १८९६ मध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेली, त्या आनंदात निघालेल्या मिरवणुकीची ही आठवण. रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकट बघता येतं, थर्मासमध्ये चहा मात्र न्या. सप्टेंबरमध्ये ब्यूली इथे जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. आपल्या चोरबाजाराचा इंग्रजी गावरान अवतार समजा. आणि तिथे कुठे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती दिसली, तर ओळख लागेलच. आपली अॅम्बेसेडर त्याच गाडीवरून बनली.

फ्रान्समध्ये रस्त्यावर डोळे उघडे ठेवले की सिट्रोएन टू सीव्ही दिसते. शेतकऱ्याला अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून जाता आलं पाहिजे आणि एकही अंडं फुटता कामा नये, अशी ही गाडी बनवणाऱ्यांपुढची अट होती. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती आली आणि १९९० पर्यंत बनत राहिली. पॅरिसमध्ये तिच्यातून शहर दाखवणाऱ्या सहली मिळतात.

पण वेळ असेल तर जर्मन सीमेजवळच्या म्युलूझला जा. तिथे श्लुम्फ नावाचे दोन गिरणीमालक भाऊ होते. त्यांनी सूतगिरणीच्या जागेत शेकडो गाड्या लपवून जमवल्या, त्यांत बुगाटी तर शंभरावर. गिरणीचा धंदा बुडाला, भाऊ स्वित्झर्लंडला निघून गेले. १९७७ मध्ये नोकरी गमावलेल्या कामगारांनी दरवाजे उघडून आत पाहिलं, तर झुंबरांसारख्या दिव्यांखाली चकाचक गाड्यांच्या रांगा! कामगारांनी जागेचा ताबा घेतला आणि लोकांना आत सोडलं. आज तिथे फ्रान्सचं मोठं मोटार संग्रहालय आहे. गिरणगावच्या माणसाला ते बघताना गाड्यांपेक्षा त्या कामगारांचाच विचार जास्त येईल.

घ्यायचीच असेल तर

नोकरीनिमित्त म्युनिक, आइंडहोवन किंवा लंडनला स्थायिक झालेल्या मराठी तरुणांपैकी कुणाला तरी एक दिवस हा मोह होतोच. चार-सहा हजार युरोत जुनी गाडी मिळते म्हणे! मिळतेही. पण गाडीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो.

इंजिनच्या आवाजावर भाळू नका. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स मिळतो. गंजलेला सांगाडा मात्र खिसा रिकामा करतो. दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, पायाखालचं मॅटिंग उचलून फरशी आणि जॅक लावायची जागा, एवढं आधी पाहा. कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक बरोबर ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, रंगाखाली लांबी भरलेली आहे. नवा कोरा चकचकीत रंग दिसला तर आनंदाऐवजी संशय वाटायला हवा. जुना, थोडा फिकट पडलेला पण प्रामाणिक रंग कितीतरी बरा.

मग कागद. चॅसी नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला की आजवरच्या तपासण्यांचा इतिहास फुकट दिसतो: कधी नापास झाली, कुठे गंज सापडला, किती मैल चालली. जर्मनीत एच आधीच मिळालेला असेल तर अर्धं काम झालं. फ्रान्समध्ये ३० वर्षांनंतर संग्राहकांचं वेगळं नोंदणीपत्र घेता येतं, मग तपासणी पाच वर्षांतून एकदाच. मूळ कागद हरवलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आणि एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची असेल, तर ज्या देशात ती चालवणार तिथल्या तपासणी केंद्रात आधी विचारा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथून येणाऱ्या गाडीला कस्टम्सही आलं.

सगळ्यात अडचणीच्या आहेत २० ते ३० वर्षांच्या गाड्या. शहरातल्या प्रदूषणबंदीसाठी त्या जुन्या, आणि ऐतिहासिक दर्जासाठी तरुण. मधल्या वयाच्या या गाड्या आज भंगारात जातायत, म्हणजे उद्या दुर्मीळ त्याच होणार. पण हा विचार करून घेणाऱ्याकडे शहराबाहेर गॅरेज असलं पाहिजे. तुलनेसाठी म्हणून, भारतात २०२१ च्या नियमांनुसार ऐतिहासिक गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण वय हवं ५० च्या पुढे.

जपायची कशी

जुनी गाडी चालवल्याने जितकी बिघडते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. महिन्यातून एकदा तरी तिला नीट गरम होईपर्यंत फिरवावं. हिवाळ्यात ठेवून द्यायची तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरत नाही. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर वसंतात ब्रेक चिकटलेले सापडतील. टायरची नक्षी बघून फसू नका, कडेला छापलेले चार आकडे वाचा. ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. जुन्या गाड्यांचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात.

पेट्रोलचा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे. आपल्याकडे ई-२० वरून चर्चा चालू आहे, युरोपातल्या पंपांवर ई-१० असतं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब करतं. म्हणून तिथले जाणकार महागडं, कमी इथेनॉलचं पेट्रोल भरतात किंवा सगळ्या नळ्या बदलून घेतात. सिट्रोएनची देखणी डीएस घेतलीत तर तिच्या सस्पेन्शनचं तेल लाल की हिरवं हे आधी पाठ करा. जुन्या गाड्यांना लाल, नंतरच्यांना हिरवं. चुकीचं भरलं की सगळे सील गेले.

सुट्या भागांची चिंता लोकप्रिय गाड्यांना नाही. ब्रिटिश एमजीबीचा तर अख्खा नवा सांगाडा आजही बनवून मिळतो. चिंता आहे ती हातांची. कार्ब्युरेटर कानाने ट्यून करणारे मेकॅनिक म्हातारे होतायत आणि नव्या मुलांचं शिक्षण लॅपटॉप जोडून दोष शोधण्याचं आहे. म्हणून गाडी घेण्याआधी जवळच्या क्लबमध्ये जा, सभासद व्हा, कोण कुणाकडे गाडी नेतो ते विचारा.

घ्यायची नसेल, नुसती हौस असेल, तर फ्लॉरेन्सच्या आसपास जुनी फियाट ५०० तासाभरासाठी चालवायला मिळते. भारतातून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. जुन्या ५०० चा गिअर डबल क्लच मारल्याशिवाय सुखासुखी पडत नाही. घरात अॅम्बेसेडर किंवा ट्रक चालवलेले आजोबा असतील, तर निघण्याआधी त्यांच्याकडून शिकून घ्या, आणि जमलं तर त्यांनाच बरोबर घेऊन जा.