तीस वर्षांचा सर्च

मागच्या वर्षी ऑफिस सुटलं की मी हिंजवडीहून थेट जर्मनच्या क्लासला जायचे. साहित्याची ओढ वगैरे काही नव्हती. बर्लिनच्या एका कंपनीशी बोलणं चालू होतं आणि भाषेची परीक्षा झालेली असली तर बरं, एवढंच. एका रात्री अनियमित क्रियापदांचा तक्ता घोकत होते. 'गेहेन, गिंग, गेगांगेन', म्हणजे जाणे, गेला, गेलेला. उच्चार ऐकायला मोबाइलवर शोधलं, तर उच्चाराच्या जागी कादंबरी निघाली. तिचं नावच ते. लेखिका येनी एर्पेनबेक.

तक्त्यातली ओळ कादंबरीला नाव म्हणून कोण देतं, या कुतूहलापोटी इंग्रजी अनुवाद घेतला. (जर्मनमधून कादंबरी वाचण्याइतकी माझी तयारी आजही नाही. पावाचं दुकान कुठे आहे, हे मात्र अस्खलित विचारते.) कादंबरी 2015ची. बर्लिनमध्ये अडकलेले आफ्रिकी निर्वासित. त्यांना काम करायची परवानगी नाही, राहायची शाश्वती नाही, पण क्रियापदं शिकवली जातायत. त्यांच्यात जाऊन बसणारा एक निवृत्त प्राध्यापक. तो पूर्व जर्मनीतला, म्हणजे जागचा न हलता देश गमावलेला माणूस. इथे मला बिलोलीची आजी आठवली.

आजीचं माहेर भैंसा. लग्न 1955 सालचं. तेव्हा भैंसा आणि बिलोली दोन्ही हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात. 1 नोव्हेंबर 1956ला भाषावार राज्यं झाली, तेव्हा आम्ही मुंबई राज्यात आलो आणि भैंसा आंध्रात गेलं. 1960ला आम्ही महाराष्ट्र झालो. 2014ला भैंसा तेलंगणात गेलं, 2016ला आदिलाबाद जिल्हा सुटून निर्मल जिल्हा लागला. "मी कुठं हालले? म्हायेरच हाललं," आजी म्हणते. आम्ही हसतो. तिनं हे इतक्यांदा म्हटलंय की तो विनोदच आहे असं मला वाटायचं.

एर्पेनबेकचा जन्म 1967चा, पूर्व बर्लिनमधला. घरात लिहिणारी माणसं. वडिलांकडचे आजी-आजोबा लेखक, आई अरबीतून जर्मनमध्ये अनुवाद करणारी. तरी ती आधी बुकबाइंडिंग शिकली, मग नाटक, मग ऑपेराचं दिग्दर्शन. पहिलं पुस्तक आलं 1999ला. लहानपणी भिंत तिच्यासाठी रस्ता संपतो ती जागा होती. पलीकडे जाणं नाही म्हणून गाड्या नाहीत, म्हणून खेळायला बरी. 9 नोव्हेंबर 1989च्या रात्री ती भिंत उघडली तेव्हा ही चक्क झोपली होती. पुढच्या वर्षी देशच संपला. ती तेवीस वर्षांची. तिचं बालपण जिथे घडलं त्या इमारती, दुकानं, शब्द एकेक करून गेले, आणि त्यांच्याबद्दल ती लिहीत राहिली. नाहीशा होणाऱ्या गोष्टींवर तिचं एक अख्खं छोटं पुस्तक आहे.

2024ला 'काइरोस'साठी तिला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, अनुवादक मायकेल हॉफमन यांच्यासोबत. सगळे तीच वाचा म्हणतात. मला ती मधे मधे गुदमरवणारी वाटली. एकोणीस वर्षांची मुलगी आणि पन्नाशी उलटलेला विवाहित लेखक, त्याचं ते तिला सतत उलटतपासणं. माझ्या मते तिचं खरं पुस्तक 2008चं 'हाइमझूखुंग'. या शब्दात 'हाइम' म्हणजे घर आहे, आणि अर्थ दोन: घरी येणारी भेट, आणि घरावर येणारी बला. ब्रांडेनबुर्गमध्ये तलावाकाठी एक घर. माणसं येतात, राहतात, हाकलली जातात. माळी तेवढा सगळ्यांच्या काळात झाडांना पाणी घालत असतो. घर बांधणारा आर्किटेक्ट शेजारच्या ज्यू कुटुंबाची जमीन निम्म्या किमतीत घेतो, कारण त्यांना देश सोडायचा असतो. तो वाईट माणूस नाही. व्यवहार कागदोपत्री चोख आहे. ते कुटुंब मात्र वाचत नाही.

हे पान मी बिलोलीच्या घरात वाचलं, दिवाळीत. आमचं घर माळवदाचं, पुढे ढेलज, आत एक बळद, ज्यात आता ज्वारीऐवजी माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं. आईच्या गुडघ्यांमुळे सगळे नांदेडला राहायला जायचं ठरलंय. घर विकायचं. घेणारा पाडून गाळे काढणार. मी सुट्टीत पेट्या रिकाम्या करत होते आणि एकीत पणजोबांची वही निघाली. ते तहसील कचेरीत कारकून होते. वही उर्दूत. मी जर्मनला दहा महिने घातले, आणि घरचीच वही उलटी धरलीय की सुलटी, हे मला कळेना.

गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेले. सरांनी चहा सांगितला आणि वाचायला लागले. ज्वारी, घासलेट, धोतरजोडी. रकमा काही हाली, म्हणजे निजामाचा रुपया. काही कलदार, म्हणजे इंग्रजांचा. सालही फसली. 1357 फसलीच्या आबान महिन्यात मधेच पाच दिवस कोरे होते. सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. 13 ते 17 सप्टेंबर 1948. पोलीस ॲक्शन. सहाव्या दिवशी नोंद: मीठ.

शाळेत दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन असायचं. रझाकारांचे अत्याचार मी भाषणात तीनदा सांगितलेत, एकदा बक्षीसही मिळालं. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात मुसलमानांवर काय गुदरलं, ते कोणत्याच भाषणात नव्हतं. ते पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. मला तो विशीत, फोनवर, एका लेखाच्या तळाशी सापडला.

सर पानं उलटत होते. पुढच्या सालात एका ठिकाणी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घर. सातशे हाली," ते म्हणाले. मग विकणाऱ्याचं नाव वाचलं, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, की कुटुंब हैदराबादला गेलं. नाव सरांनी एकदाच घेतलं. मी परत विचारलं नाही. सातशे जास्त होते की कमी, हेही विचारलं नाही. "अक्षर सुंदर आहे तुमच्या पणजोबांचं," सर म्हणाले आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

रात्री आजीला विचारलं, घर कुणाकडून घेतलं होतं गं?

"मी आले तवा व्हतंच की." ती वाती वळत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सासूबाई त्या आतल्या खोलीत एकट्या झोपत नसत." का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, की तिनं मला सांगितलं नाही, कळलं नाही. एर्पेनबेकच्या त्या पुस्तकाच्या शेवटी घर पाडायची पद्धत लिहिलीय, आधी काय काढायचं, मग काय, अगदी मॅन्युअलसारखी. पहिल्यांदा वाचताना मला ते कोरडं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पप्पा वकिलाकडून आले. खूश होते. तीस वर्षांचा सर्च काढला होता, टायटल क्लिअर, कुठे बोजा नाही, वाद नाही. खरेदीखत पुढच्या महिन्यात.

"आणि त्याच्याआधी?" मी विचारलं.

"त्याच्याआधीचं कोण मागतंय?" पप्पा म्हणाले आणि चप्पल काढून आत गेले.

वही मी बॅगेत ठेवलीय. बर्लिनचं तिकीट दोन तारखेचं आहे. सरांना मेसेज केला की ऑनलाइन शिकवाल का. त्यांचं उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलं: रविवार चालेल, पण तुमचे किती वाजतात तिकडे?