कुंपण नव्हे, कुसळ

काटा म्हणजे कुंपण, हे माझ्या मनात इतकं मुरलेलं होतं की ते एक मत आहे, ते बदलूही शकतं, असं कधी वाटलंच नाही. माणदेशात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्या, वस्तीभोवती फड्या निवडुंग. काटा असतो तो बाहेरच्याला थोपवायला. त्यामुळे लेकीकडे ॲरिझोनात गेलो आणि टेडी बेअर चोया नावाचा निवडुंग पाहिला, तेव्हा मी त्याच हिशेबानं पाहिलं. तहानलेल्या मुलखात अंगात पाणी साठवून उभं राहायचं, तर असा बंदोबस्त हवाच. आता मला तसं वाटत नाही.

हा निवडुंग सोनोरन वाळवंटाचा आणि मोहावीच्या दक्षिण कडेचा. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतले सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया एवढा त्याचा मुलूख. आपला फड्या निवडुंगही मूळ अमेरिकेचाच, चोयाच्याच भावकीतला. १८५३-५४ साली रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी निघालेल्या व्हिपल यांच्या तुकडीत जॉन बिगेलो नावाचे डॉक्टर वनस्पती गोळा करत होते. या झाडाचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरून पडलं. झाड छातीएवढं, फार तर पुरुषभर उंच. खालचं खोड काळपट, वरची कांडी फिकट सोनेरी काट्यांनी अशी झाकलेली की हिरवा रंग शोधावा लागतो. प्रत्येक काट्याला कागदासारखं पातळ आवरण असतं. सूर्य मागे असला की सगळं झाड उजळून निघतं. मला ते फार सुंदर दिसतं, आणि हे सांगताना हात राखण्याची गरज वाटत नाही.

एकदा पायवाटेवरून जाताना एक कांडं माझ्या बुटाला चिकटलं. लागल्याचं कळलंसुद्धा नाही. तिकडची माणसं म्हणतात, चोया उडी मारतो. उडी वगैरे काही नाही. कांडं झाडाला इतकं हलकं जोडलेलं असतं की जरा स्पर्श झाला की सुटतं. जावयानं खिशातली फणी काढली, कांड्याखाली सरकवली आणि झटक्यानं दूर उडवलं. बुटाच्या कातड्यात दोन काटे राहिले, ते पकडीनं ओढावे लागले. मी वाकून ते कांडं नीट पाहिलं. मोडल्याची, चिरडल्याची खूण नव्हती. पिकलं फळ देठातून सुटावं तसं ते सांध्यातून सुटलं होतं.

तिथेच माझ्या जुन्या मताला पहिला तडा गेला. बाभळ ओरबाडते आणि जागेवर राहते, ते खरं कुंपण. हे झाड तर ज्याला थोपवायचं त्याच्याच पायाला आपला अवयव चिकटवून पाठवून देतं. निव्वळ संरक्षणासाठी असली व्यवस्था कुणी करील?

उत्तर त्याच्या फळांत आहे. चोयाला वसंतात पिवळट हिरवी फुलं येतात, फळंही धरतात, पण रुजणारं बी क्वचितच सापडतं. या जातीची बहुतेक झाडं त्रिगुणित आहेत. गुणसूत्रांचे दोन संच असावेत तिथे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रं. बी तयार होताना त्यांची समान वाटणी होत नाही. मग वंश वाढतो तो गळलेल्या कांड्यांतून. कांडं जमिनीवर पडतं, मुळं धरतं आणि नवं झाड उभं राहतं. जॉशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात या निवडुंगाची दाट वस्ती आहे, तिच्यातून छोटी पायवाट काढली आहे. तिथे खाली बघत चालावं. बुंध्याशी कांड्यांचा सडा पडलेला असतो आणि त्यातली कितीतरी रुजलेली असतात.

म्हणून मला आता हा काटा कुसळीच्या जातीचा वाटतो. धोतराला, शेळीच्या केसांना चिकटून बी पुढच्या माळावर नेणारी आपली कुसळ. फरक एवढाच की इथे बियाऐवजी अख्खं रोपच प्रवासाला निघतं. काट्याच्या टोकाला मागे वळलेले बारीक दातरे असतात. २०१८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या स्टेफनी क्रॉफ्ट्स आणि फिलिप अँडरसन यांनी निरनिराळ्या निवडुंगांचे काटे मांसात टोचून पाहिले. चोयाच्या दुसऱ्या एका जातीचा दातरे असलेला काटा सहज आत शिरला, पण बाहेर यायला तयार होईना. एका काट्यावर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा मांसाचा तुकडा उचलला गेला.

काट्याचं आणखी एक काम आहे. पार्क नोबेल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेडी बेअर चोयाच्याच काट्यांचा परिणाम मोजला होता. काट्यांमुळे खोडावर ऊन कमी पडतं, दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारठा दोन्ही सौम्य होतात. सावलीची किंमतही झाडाला मोजावी लागते, कारण अन्न तयार करायला उजेड तेवढा कमी मिळतो. तरी ते ती किंमत मोजतं.

काट्यांमुळे जनावरं दूर राहतात, हे मी नाकारत नाही. कॅक्टस रेन हा पक्षी तर याच काट्यांत घरटं बांधतो आणि पॅकरॅट नावाचा उंदीर ही कांडी ओढून नेऊन बिळाच्या तोंडाशी रचतो. पण संरक्षण हे या काट्याच्या अनेक कामांतलं एक, एवढंच. मी त्यालाच सगळं समजत होतो.

एक काळजी मात्र मनात आहे. कांड्यांतून वाढलेल्या वस्तीत शेजारशेजारची कित्येक झाडं मुळात एकच असतात. एकाला जे सोसणार नाही, ते इतरांनाही सोसणार नाही.

तिकडे कधी गेलात, तर बंद बूट घाला आणि खिशात फणी ठेवा. आणि वाटेच्या कडेला पडलेलं कांडं वाळलेला कचरा समजून तुडवू नका, आठवण म्हणून उचलूनही आणू नका. ते रोप आहे, त्याला तिथेच रुजू द्या.