चार बोगदे

निवृत्त झालो त्याच महिन्यात मी एक वही घातली, तिच्यावर ‘सहली’ असे लिहिले आणि इंदूरच्या आसपासच्या डोंगरांची यादी केली. छत्तीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाचा वहीखेरीज कोणतेही काम सुरू होते यावर विश्वास नसतो. सौ.ने वही चाळली आणि म्हणाली, “तुम्ही निवृत्त झालात. मी कधी होणार, तीही तारीख लिहून ठेवा.”

ती तारीख काही लिहिली गेली नाही, पण सहली मात्र झाल्या. श्रावणात मांडूला गेलो. धुक्यात बुडालेला जहाजमहाल आणि गोरखचिंचेची अगडबंब झाडे पाहिली. जानापावच्या डोंगरावर चंबळेचा उगम पाहिला. पुढे जिच्या नावाने माणसे दचकत, ती नदी तेथे एका कुंडात निमूट असते! पचमढीस धूपगडावरून, म्हणजे सातपुड्याच्या सर्वांत उंच शिखरावरून, सूर्यास्त पाहिला. चौरागड मात्र आम्ही खालूनच पाहिला. ‘पायऱ्या फार, यात्रेकरू त्रिशूळ नेतात,’ अशी माझ्या वहीत नोंद आहे. सौ. मात्र बराच वेळ वर पाहत हात जोडून उभी होती. वऱ्हाडातून महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांत तिचे आजोबाही असत आणि नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन ते हा डोंगर चढले होते. हे मला लग्नानंतर पस्तीस वर्षांनी कळले. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

पण सांगायचे आहे ते पाताळपाणीविषयी. महूजवळ माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि विंध्याची कड खाली निमाडात उतरते. या घाटातून आगगाडी न्यावी म्हणून महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 साली इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले, हे इंदूरकरांस ठाऊक आहेच. पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा उतार, खाली चोरल नदी आणि वाटेत चार बोगदे. 25 डिसेंबर 2018 पासून रेल्वेने पर्यटकांसाठी येथे खास गाडी सुरू केली आणि 2019 च्या श्रावणात आम्ही तिची तिकिटे काढली.

गाडीत तरुण मंडळींचा नुसता कल्लोळ होता. धबधबा दिसताच सारा डबा एका बाजूला धावला. मीही धावलो. सौ. जागची हलली नाही. पहिला बोगदा आला तशी ती हलकेच म्हणाली, “एक.” पुढे “दोन.” चौथ्यानंतर मी विचारले, “हे काय चालले आहे?”

तिचे माहेर अकोल्याचे. आमचे लग्न 1974 सालचे. त्या काळी मीटरगेजच्या गाडीने महू, खंडवा करीत थेट अकोल्यास जाता येई. मधे विंध्य, नर्मदा, तापी आणि मग सातपुड्यातला धूळघाट. तेथे गाडी गोल वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून पलीकडे जाई. दर उन्हाळ्यात मी तिला पोहोचवावयास आणि आणावयास जात असे. म्हणजे हा घाट मी निदान पन्नास वेळा पाहिला असला पाहिजे. आणि खरे सांगावयाचे तर एकदाही पाहिला नव्हता. महू सुटले की मला झोप लागे.

“जाताना कालाकुंडला दादासाठी कलाकंद घ्यायचा,” ती सांगू लागली, “आणि येताना डोळे पुसायचे ते या बोगद्यांत. तुम्ही झोपलेले असायचात, पण समोर माणसं असायची ना! चार बोगदे पुरायचे. पाताळपाणी आलं की कुंकू नीट करायचं, पदर सावरायचा आणि सासरी यायचं.”

मला काय बोलावे ते सुचेना. कालाकुंडला उतरलो तेव्हा तिने पळसाच्या पानांच्या द्रोणांत कलाकंद घेतला. एक द्रोण माझ्या हाती दिला, दुसरा झाकून पिशवीत ठेवला. तिचे दादा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि अकोल्याचे घर भाच्यांनी विकले होते. खंडवा-अकोला ही मीटरगेजही 2017 च्या आरंभी बंद पडली होती. मी पिशवीकडे पाहतो आहे हे पाहून ती म्हणाली, “सवयीनं घेतला.”

नेहमीची गाडी तेव्हा पुढे नर्मदा ओलांडून ओंकारेश्वर रोडपर्यंत जात असे. “अहो, नर्मदेपर्यंत जाऊन यायचं का? पुलावरून पैसा टाकीन म्हणते.” मी परतीची तिकिटे दाखविली. म्हणालो, “पुढच्या वेळी.”

पुढची वेळ आली नाही. 2020 साली कोरोना आला, त्यानंतर तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि रुंदीकरणासाठी फेब्रुवारी 2023 पासून ती गाडीही थांबली. मी वर्तमानपत्रातली बातमी तिला वाचून दाखविली नाही. तिने ती आधीच वाचली होती.

गेल्या वर्षी मुलाने भाड्याची मोटार करून दिली. वहीत काही न लिहिता मी तिला मोरटक्क्यास नेले. सडकेच्या पुलावर मालमोटारींची रांग होती, त्यामुळे मोटार थांबविता येईना. सौ.ने चालत्या मोटारीच्या खिडकीतून रुपया टाकला, तो कठड्यावर आपटून सडकेवरच पडला. ती काही बोलली नाही. तिने काच वर केली.

पूल संपल्यावर मी मोटार बाजूस घ्यावयास लावली आणि कडेकडेने मागे चालत गेलो. हे वय अशा उचापतींचे नव्हे. दोन चालकांनी तसे स्पष्ट शब्दांत सांगितलेही. रुपया कठड्याखालच्या मातीत पडला होता. तो उचलून मी कपाळाला लावला आणि नदीत टाकला. पाणी बरेच खाली होते, आवाज काही आला नाही.

परत आलो तेव्हा ती दार उघडून बसली होती.

“पडला का पाण्यात?”

“पडला,” मी म्हणालो.