पॉइंट्स आहेत हो, पण डोकी कोण मोजणार?

टाइमशेअरचे पॉइंट्स रिसॉर्टच्या खोलीवर उडवायचे, की ते देऊन सरळ गाईडसकट ग्रुप टूर घ्यायची? लंच टाइमला ऑफिसच्या टेबलावर हा प्रश्न टाकून बघा. निदान दोन मेंबर तरी निघतातच! मॉलमध्ये कूपन भरलं, ‘सर, तुम्हाला गिफ्ट लागलंय’ असा फोन आला, सपत्नीक दोन तासांचं प्रेझेंटेशन ऐकलं आणि पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेऊन बाहेर पडले. आम्हीही त्यातलेच. आणि आमची तक्रार नाही बरं का. कूर्ग झालं, गोवा झालं, दोन मित्रांच्या फॅमिलीसोबत रात्र रात्र पत्ते कुटले. सॉलिड वसूल!

टूरचा विषय निघाला तो अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीला असतात. संभाजीनगरहून अजिंठ्याला निघालात की चौक्याचा घाट ओलांडून पुढे लागतं तेच आमचं गाव. जगभरातले टुरिस्ट आमच्या रस्त्याने जातात, थांबत मात्र कुणी नाही. फार तर चहाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवता शिकवता अण्णांनी हयातभर सहली काढल्या. एसटीचा लाल डबा, दोन मास्तर, साठ पोरं आणि डब्यात पोळी-चटणी. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ आहे. वेरूळला कैलास लेण्यासमोर पोरांना उभं करून ते सांगायचे, की हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. आणि याचा नमुना म्हणजे कर्नाटकात पट्टदकलला असलेलं विरूपाक्षाचं देऊळ, असं जाणकार मानतात. राणी लोकमहादेवीने ते बांधवलं, नवऱ्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. हे सगळं अण्णांनी किती बॅचेसना सांगितलं असेल, हिशेब नाही. पट्टदकल स्वतः मात्र कधीच पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत ते म्हणाले, “लोकांची पोरं लई मोजली रे. आता कुणीतरी मला मोजून गाडीत बसवावं.”

मी लगेच लॅपटॉप उघडला. आमच्या कंपनीचं पट्टदकलच्या आसपास रिसॉर्टच नाही! पण मेंबरांसाठी नवी ऑफर होती: पॉइंट्स द्या, गाईडेड टूर घ्या. बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी, सगळं त्यात. मी जाम खूश. माझी बेटर हाफ मात्र अकाउंट्समध्ये आहे. ती म्हणाली, “आधी कागद-पेन घे.”

आता हा कागद तुम्हालाही दाखवतो. आमच्याकडे वर्षाला सात रात्रींचे पॉइंट्स येतात. तशी खोली बाहेरून घेतली तर रात्रीला ८ हजार, म्हणजे कंपनीच्या भाषेत ५६ हजारांचा माल. पण रात्रीला ८ हजार मोजून आपण कधी राहिलो असतो का? मी तर ४ हजारांच्या वरचं हॉटेल उघडूनही बघत नाही. तेव्हा आमच्यापुरते ते २८ हजार. टूरची किंमत दोघांची जीएसटी धरून ७० हजार. सगळे पॉइंट्स दिले की त्यातून १८ हजार वजा, म्हणजे ५२ हजार आपणच भरायचे. मग बायकोने तशाच टूरचा बाहेरचा थेट भाव काढला. ६४ हजार! म्हणजे वर्षभराचे पॉइंट्स देऊन खरी सूट मिळणार होती १२ हजारांची. आणि वर्षाची मेंटेनन्स फीच आम्ही २० हजारांच्या वर भरतो.

यात कुणी कुणाला गंडवतंय असं नाही, धंद्याचा फंडाच तसा आहे. खोली कंपनीची स्वतःची असते. ती रिकामी राहिली काय आणि आपण राहिलो काय, त्यांच्या खर्चात फारसा फरक नाही, म्हणून तिथे आपल्या पॉइंट्सना मान. टूरमध्ये बस, जेवण, बाहेरचं हॉटेल, गाईड, टूर मॅनेजर या सगळ्यांना रोख पैसे मोजावे लागतात. ते उभे करायला कंपनीला आपल्या वाट्याची खोली कुणाला तरी विकायला हवी, आणि ती विकली जाईलच असं नाही. ती सगळी रिस्क मग आपल्या पॉइंट्सच्या भावातून कापली जाते. शिवाय खोलीला डोकी नसतात. वन बेडरूममध्ये चौघं झोपा, पॉइंट्स तेवढेच. टूरमध्ये प्रत्येक डोक्याचं वेगळं बिल.

हे फक्त इथलंच नाही. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचा मेंबर आहे. १९९१ मध्ये सुरू झालेला तो क्लब पहिल्यापासून पॉइंट्सवरच चालतो, आणि तिथेही पॉइंट्स देऊन डिस्नेच्या गाईडेड टूर घेता येतात. भाऊ म्हणतो, पॉइंट्स खोलीला, टूरला क्रेडिट कार्ड. जर्सीत राहूनही मराठवाड्याचा हिशेबीपणा गेलेला नाही!

गंमत म्हणजे या दोन गोष्टींचा जन्मच वेगळ्या घरातला. थॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला एका शिलिंगमध्ये सुमारे पाचशे माणसं रेल्वेने नेली, तेव्हा त्याने विकली ती जबाबदारी: तुम्ही फक्त बसा, बाकी मी बघतो. आपल्याकडे केसरी पाटलांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, २०१३ मध्ये वीणा पाटलांची वीणा वर्ल्ड आली. मराठी माणसाने इथे तेच तर विकत घेतलं, वर पिठलं-भाकरीची सोय! टाइमशेअरवाले विकतात ती जागा. स्वित्झर्लंडची हापिमाग १९६३ ची, आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ ची, महिंद्रा हॉलिडेज १९९६ ची. जागा मिळाली, आता तुमचं तुम्ही बघा.

आणि ‘तुमचं तुम्ही’ हेच आमच्या आई-अण्णांना जमत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना हिल स्टेशनच्या रिसॉर्टवर नेलं होतं. सकाळी आठला चहा पिऊन अण्णा बूट घालून तयार. “आता काय पाहायचं?” म्हटलं, अण्णा, इथे काही पाहायचं नसतं, रिलॅक्स करायचं असतं. त्यांनी अर्धा तास रिलॅक्स केलं आणि रिसेप्शनवरच्या पोराला त्याचं गाव, शिक्षण विचारत बसले. आईने खोलीतला छोटा ओटा बघितला आणि मार्केटमधून मेथी आणली! चार दिवस तिने तिथे स्वयंपाक केला. तंबोल्याला ढकलत नेलं तर म्हणाली, “यापरीस घरी काय वाईट होतं?”

त्यामुळे पॉइंट्स वाचवायचे म्हणून त्यांना पुन्हा एखाद्या डोंगरावर नेऊन बसवणं हा पर्याय नव्हताच. थांबू या, पुढच्या वर्षी बघू, हाही नव्हता. आमचे पॉइंट्स पुढच्या वर्षात नेता येतात. अण्णांचे गुडघे नेता येत नाहीत. डॉक्टरांनी डावा गुडघा बघून ‘जे काय फिरायचं ते आता’ असं सरळ सांगितलंय. बदामीच्या लेण्यांना पायऱ्या आहेत. विरूपाक्ष मात्र सपाटीवर आहे.

एक गोष्ट मात्र इमानदारीत सांगायला हवी. तुमचे पॉइंट्स या मार्चला बुडणारच असतील, आणि सुट्टी मिळायची शक्यता शून्य असेल, तर १२ हजार म्हणजे १२ हजार. घेऊन टाका टूर! फक्त पॉइंट्स वजा करून उरलेली रोख रक्कम आणि तशाच टूरचा बाहेरचा भाव शेजारी शेजारी लिहून बघा, आणि टूर कॅन्सल झाली तर पॉइंट्स परत येतात का, हे मेलवर लेखी मागा. फोनवरची पोरं गोड बोलतात, पण दोन महिन्यांत नोकरी बदलतात.

आमचे बुडत नव्हते. म्हणून आम्ही ते मे महिन्यासाठी ठेवले. सगळी चुलत भावंडं मिळून दोन खोल्या, म्हणजे हॉटेलचं बिल वाचलं. आणि आई-अण्णांची टूर रोख पैसे भरून बुक केली, मराठी टूर मॅनेजरवाली. अण्णांना आकडा सांगितला तेव्हा ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, “तुझे ते पॉइंट होते ना? ते कामून नाही वापरले?” मी म्हटलं, अण्णा, ते खोलीचे आहेत. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फुलंब्रीहून त्यांनी परस्पर टूर मॅनेजरला फोन लावला होता. पट्टदकलला किती वेळ? तो म्हणाला, दीड तास.

“दोन करा,” अण्णा म्हणाले, “मी कैलासाचे फोटो घेऊन येतोय. जुळवून बघायचंय.”

मागून आई विचारत होती, ग्रुपमध्ये बायका किती आहेत ते विचारा.